वेबसाइटवर हिट काउंटर लावताना हिशेब पक्का ठेवा

नागपूरच्या गांधीबागेतील कापड बाजारात किंवा मोमिनपुऱ्यात ईदच्या आधी किती गर्दी आहे, हे गल्ल्यावर बसलेल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही. ती डोळ्यांना दिसते. वेबसाइट मात्र असे दुकान आहे की त्यात आलेले गिऱ्हाईक मालकाला दिसतच नाही. आले, माल पाहिला, निघून गेले. पत्ताच लागत नाही. म्हणून आपले व्यापारी व कारागीर बंधू वेबसाइट बनवून घेताना तिच्यावर 'हिट काउंटर', म्हणजे येणाऱ्यांची मोजणी करणारा आकडा, लावण्याची फर्माईश करतात. फर्माईश योग्यच आहे. परंतु हा आकडा नेमके काय मोजतो, हे समजून घेणे जरूर आहे. कारण याच आकड्याच्या जोरावर आपल्याकडे जाहिरातीचे पैसे मागितले जातात आणि हंगामाचा माल किती भरावा याचा अंदाजही बांधला जातो.

विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी आपल्या देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. त्या काळातील वेबसाइटच्या तळाशी मोटारीच्या मीटरसारखे आकडे असत. त्यामागची युक्ती साधी होती. पान उघडले की सर्व्हरवरील एक छोटा प्रोग्राम एका फाइलमधील आकडा वाचायचा, त्यात एक मिळवायचा, नवा आकडा लिहून ठेवायचा आणि तोच चित्राच्या रूपात पानावर पाठवायचा. आजही महाराष्ट्र शासनाच्या अनेक संकेतस्थळांवर तळाशी दर्शकांची संख्या दिसते. म्हणजे ही चाल जुनी असली तरी मोडीत निघालेली नाही.

आता खरी गोम पाहा. 'हिट' आणि 'भेट' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सर्व्हरकडे मागितलेली प्रत्येक फाइल म्हणजे एक हिट. समजा आपल्या पानावर साड्यांचे दहा फोटो आहेत. एका माणसाने ते पान एकदा उघडले तर पानाची एक आणि फोटोंच्या दहा, अशा अकरा हिट होतात. माणूस मात्र एकच! आम्हाला एका गृहस्थांनी महिन्याला एक लाख हिटचे आश्वासन देऊन मोठी रक्कम सांगितली होती. आम्ही त्यांना एवढेच विचारले, "हिट राहू द्या, माणसे किती?" त्यांनी विषय बदलला. वाचकांनीही हाच सवाल करावा.

साध्या काउंटरमध्ये आणखीही खोट असते. एकाच माणसाने पान पुन्हा पुन्हा उघडले तर आकडा दर वेळी वाढतो. गूगलसारख्या शोधयंत्रांचे प्रोग्राम वेबसाइट तपासायला येतात, त्यांचीही गणती काही काउंटर गिऱ्हाईक म्हणून करतात. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे काउंटर कोणत्याही आकड्यापासून सुरू करता येतो. पहिल्याच दिवशी पन्नास हजार दाखवणे हे कापड मापताना गज आखूड ठेवण्यासारखे आहे. माप खोटे असेल तर दुकानाची पत जाते, मग दुकान बाजारातले असो की इंटरनेटवरचे.

काउंटर लावणे अवघड नाही. वेबसाइट तयार साच्यावर बनवली असेल तर काउंटरचा छोटा कोड पानात चिकटवावा लागतो. मात्र परक्या कंपनीचा फुकट काउंटर घेताना विचार करावा. आपल्याकडे कोण आले याची माहिती त्या कंपनीकडेही जाते, आणि कंपनी बंद पडली की आकडाही जातो. गूगलने २००५ साली 'अॅनालिटिक्स' ही सेवा आणली. तीत पानावर आकडा दिसत नाही, पण कोणते पान पाहिले, कोणत्या शहरातून पाहिले, मोबाईलवर की संगणकावर, याचा अंदाज मालकाला मिळतो. तिची जुनी पद्धत १ जुलै २०२३ पासून बंद होऊन नवी आली. आपल्याच सर्व्हरवर हिशेब ठेवायचा असेल तर 'मॅटोमो' हा प्रोग्रामही आहे. तरीही एक लक्षात ठेवावे, अशा सेवा मुख्यतः यंत्रे मोजतात. एकाच माणसाने दुकानातील संगणकावर आणि नंतर मोबाईलवर पाहिले तर ते दोघे धरले जाण्याचा संभव असतो.

वेबसाइट बनवणाऱ्याला पुढील गोष्टी आधीच सांगाव्यात. काउंटर शून्यापासून सुरू करावा व त्याच्या बाजूला सुरू केल्याची तारीख लिहावी. आपल्या दुकानातील व घरातील यंत्रे मोजणीतून वगळावीत. एकूण आकड्याबरोबर रोजचा आकडाही मिळावा. फोन नंबरवर किंवा व्हॉट्सअॅपवर किती जणांनी बोट दाबले, हे वेगळे मोजावे. गिऱ्हाइकाचे नाव व नंबर लिहून घेत असाल तर तो कशासाठी, हे त्याला स्पष्ट सांगावे. २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदाही झाला आहे.

यानंतरचे काम वेबसाइटवाल्याचे नाही, आपले आहे. रोजमेळाच्या वहीत एक रकाना वाढवावा. फोन करणाऱ्याला किंवा दुकानात येणाऱ्याला "आमचे नाव कुठून कळले?" असे विचारून उत्तर त्यात लिहावे. समजा महिन्यात हजार भेटी झाल्या, वीस जणांनी फोन केला व चौघांनी माल नेला. मग वेबसाइटचा महिन्याचा खर्च त्या चार सौद्यांच्या नफ्यातून निघतो का, हे पाहावे. भेटी वाढल्या आणि फोन वाढले नाहीत तर फोटो, भाव किंवा पत्ता यात काहीतरी कमी आहे असे समजावे. एखाद्या हातमाग कारागिराला दिवसाला पंधराच माणसे पाहत असतील आणि त्यांतला एक ऑर्डर देत असेल, तर त्याने लाखाच्या आकड्याकडे पाहून मन छोटे करू नये.

काउंटर जरूर लावा. त्याचा आकडा दर महिन्याच्या एक तारखेला वहीत उतरवा, आणि शेजारी त्या महिन्यातील वेबसाइटवरून झालेली विक्री लिहा. सहा महिन्यांनी ही दोन रकाने समोर ठेवूनच पुढचा पैसा घालावा.