कोठार झालं म्हणून टिकलं

इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर, एसेक्समध्ये, ब्रॅडवेल-ऑन-सी नावाचं छोटंसं गाव आहे. गाव मागे टाकून समुद्राच्या दिशेने निघालात की पुढे सरळ पायवाट लागते. ही वाट जुन्या रोमन रस्त्यावरूनच जाते. दोन्ही बाजूंना सपाट शेतं, पुढे खाजण आणि त्यापलीकडे समुद्र. वाटेच्या टोकाला एक उंच, लांबट, दगडी इमारत एकटीच उभी दिसते. शिखर नाही, मनोरा नाही. लांबून बघितलंत तर तुम्ही म्हणाल, कुणा शेतकऱ्याचं गोदाम असेल.

आणि तुमचं अगदीच चुकलं असंही नाही. जवळपास तीनशे वर्षं हे गोदामच होतं. पण त्याआधी, आणि आता पुन्हा, हे आहे सेंट पीटर-ऑन-द-वॉल, म्हणजे 'भिंतीवरचा सेंट पीटर'. इंग्लंडमधल्या सर्वांत जुन्या, अजूनही उभ्या असलेल्या चर्चपैकी एक. बांधलं गेलं इसवी सन ६५४च्या सुमारास. आपल्याकडे त्या वेळी बदामीच्या चालुक्यांचं राज्य होतं, म्हणजे विचार करा!

मग साडेतेराशे वर्षांची ही वास्तू टिकली कशी? राजाने जपली? पुरातत्त्व खात्याने कुंपण घातलं? नाही हो. उत्तर जरा मजेशीर आहे. धान्य भिजू नये म्हणून तिचं छप्पर कुणीतरी नीट ठेवत होतं.

आधी 'भिंतीवरचा' हे नाव कुठून आलं ते बघू. तिसऱ्या शतकात रोमन लोकांनी समुद्रावर नजर ठेवायला इथे किल्ला बांधला होता. त्याचं नाव ओथोना. रोमन गेले, किल्ला ओस पडला. पुढे ६५३च्या आसपास या भागातल्या राजाने, सिगेबर्टने, उत्तरेकडून धर्मप्रचारक बोलावला. त्याचं नाव सेड. तो लिंडिसफार्न बेटावरच्या मठात शिकलेला. चार भाऊ, चौघेही धर्मगुरू. त्याला चर्च बांधायचं होतं, आणि समोर रोमनांनी कापलेले दगड नि भाजलेल्या विटा आयत्या पडलेल्या. त्याने त्याच उचलल्या आणि किल्ल्याच्या पश्चिम दरवाजाच्या जागी, जुन्या तटाच्या पायावरच चर्च उभं केलं. आजही भिंतीकडे नीट बघितलं की रोमन विटांचे लाल पट्टे ओळखता येतात. म्हणजे या वास्तूची सुरुवातच दुसऱ्याचं सामान पुन्हा वापरण्यापासून झाली. ६६४मध्ये प्लेगच्या साथीत सेड गेला. बीड नावाच्या भिक्षूने ७३१मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात या जागेची नोंद केली, म्हणून आपल्याला ही गोष्ट माहीत आहे.

पुढे गावाचं मुख्य चर्च गावातच झालं. समुद्राकाठचं हे जुनं चर्च मागे पडलं आणि नुसतं चॅपेल, म्हणजे छोटं प्रार्थनाघर, म्हणून उरलं. सतराव्या शतकाच्या सुमारास प्रार्थनाही थांबली आणि ते शेतीच्या कामाला लागलं. पिकाने भरलेली गाडी आत न्यायची तर चर्चचा दरवाजा अपुरा. मग काय, बाजूच्या लांब भिंतींना मोठमोठी भगदाडं पाडून गाडीदरवाजे केले. सुमारे १५ मीटर लांब आणि साडेसहा मीटर रुंद अशी आयती बंदिस्त जागा. शेतकऱ्याला आणखी काय हवं?

हे वाचून तुम्हाला राग आला असेल तर साहजिक आहे. पण क्षणभर इमारतीच्या बाजूने विचार करा.

दगडी इमारतीचा खरा शत्रू पाणी. छप्पर गेलं की पाऊस थेट भिंतीच्या डोक्यावर पडतो. दोन दगडांमधला चुना भिजतो, हळूहळू धुऊन जातो. इंग्लंडसारख्या थंड देशात त्यात आणखी भर, फटीतलं पाणी गोठतं, फुगतं आणि दगड ढिला करतं. मग फटीत बी रुजतं, मुळं आत शिरतात. शेवटी गावातलं कुणी म्हणतं, 'नाहीतरी पडायलाच आलंय', आणि दगड घेऊन जातं. एवढ्या विध्वंसाला सैन्य लागत नाही, फुटलेली चार कौलं वेळेवर न बदलणं पुरतं.

कोठारात मात्र हे चालत नाही. तिथे गळती म्हणजे थेट नुकसान. त्यामुळे ज्याचं धान्य आत, तो छपराकडे लक्ष देणारच. त्याला सातव्या शतकाशी, सेडशी, बीडच्या ग्रंथाशी काही देणंघेणं नसेलही. पण त्याच्या स्वार्थाने भिंती कोरड्या राहिल्या. १९२०मध्ये डागडुजी करून ही वास्तू पुन्हा प्रार्थनेसाठी खुली झाली, तेव्हा डागडुजी करायला भिंती शिल्लक होत्या, हे महत्त्वाचं.

आणि डागडुजी करणाऱ्यांनी एक छान गोष्ट केली. गाडीदरवाजे त्यांनी बुजवले, पण ते कधी नव्हतेच असा आव आणला नाही. आजही भिंतीवर त्या मोठ्या दरवाजांच्या कडा स्पष्ट दिसतात. रोमन वीट, सेडची भिंत, शेतकऱ्याचं भगदाड आणि विसाव्या शतकातली भर, सगळं एकाच भिंतीत वाचता येतं. त्या काळी इंग्लंडमध्ये यावर भरपूर वाद झाले होते. विल्यम मॉरिसने १८७७मध्ये जुन्या वास्तूंच्या रक्षणासाठी संस्थाच काढली होती. तिचं टोपणनाव 'अँटी-स्क्रेप', म्हणजे 'खरवडू नका'वाली मंडळी. वास्तू 'मूळ' रूपात आणायच्या नादात नंतरच्या शतकांच्या खुणा खरवडून काढू नका, असा त्यांचा आग्रह.

अशी गोष्ट फक्त ब्रॅडवेलची नाही. ग्लॉस्टरशायरमध्ये डीअरहर्स्ट गावी ऑडा नावाच्या सरदाराने आपल्या दिवंगत भावाच्या स्मरणार्थ एक चॅपेल बांधलं. १०५६मध्ये त्याचा विधिवत अर्पणसोहळा झाला. पुढे ते शेतघरात असं मिसळून गेलं की एका भागात स्वयंपाकघर, दुसऱ्यात झोपायची खोली! १६७५मध्ये जवळच जमिनीत कोरीव लेखाचा दगड सापडला. त्यावर ऑडाचं नाव, भावाचं नाव, तारीख, सगळं होतं. पण तो दगड ज्या वास्तूबद्दल सांगतो ती शेजारच्या शेतघरातच दडलेली आहे हे लोकांना उमगायला १८८५ उजाडलं. घराची दुरुस्ती निघाली, गिलावा उतरला आणि आतून चॅपेल बाहेर आलं. २१० वर्षं उत्तर समोर होतं, फक्त त्यावर गिलावा होता. मूळ दगड आज ऑक्सफर्डच्या ॲशमोलियन संग्रहालयात आहे. चॅपेलला चिकटलेलं ते लाकडी चौकटीचं घर पाडलं नाही, तेही तिथेच आहे.

मग काय, कुठल्याही जुन्या वास्तूत काहीही करायला मोकळीक? तसं नाही. वापराची किंमतही मोजावी लागते. ब्रॅडवेलच्या चर्चला पूर्वेला, वेदीच्या बाजूला, अर्धगोल भाग होता, बाजूला खोल्याही होत्या. आज त्यांच्या फक्त खुणा उरल्यात. गाडीदरवाजा बुजवता आला, पण गेलेला अर्धगोल परत आला नाही. म्हणून कुठल्याही जुन्या वास्तूच्या नव्या वापराला एक साधा प्रश्न विचारायचा: आज आपण करतोय तो बदल उद्या कुणाला मागे फिरवता येईल का? आत लाकडी माळा घातला, तो काढता येतो. दरवाजा पाडला, तो बुजवता येतो. पण कोरीव खांबच फोडला, तर विषय संपला. वास्तुसंवर्धन शिकणाऱ्यांना हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा विचारला जातो, आणि तो विचारायला डिग्री लागत नाही.

आता तुमच्याकडे या. तुमच्या गावात, आजोळी, कॉलेजच्या मागच्या गल्लीत एखादी जुनी वास्तू असेलच. वाडा असेल, धर्मशाळा असेल. कुठे कडबा भरलेला, कुठे सायकलींचं दुकान, कुठे खतांच्या गोण्या. 'काय ही अवस्था' म्हणून फोटो टाकायच्या आधी पाच मिनिटं थांबा आणि भिंत वाचा. दगडाचा आकार मध्येच बदलतो का? एखादी सरळ उभी फट वरपासून खालपर्यंत जाते का? तिथे नंतरची भिंत येऊन मिळाली असणार. बुजवलेली कमान दिसते का? भिंतीवर तिरकी रेघ दिसते का? तिथे पूर्वी दुसरं छप्पर टेकलेलं असेल. आणि सर्वांत आधी वर बघा, छप्पर धड आहे का?

मालकाची परवानगी घ्या, मोडकळीला आलेल्या माळ्यावर चढू नका, भिंतीवर नाव कोरू नका, हे वेगळं सांगायला नको. पण मालकाशी बोला मात्र. 'कौलं कधी बदलली?' हे नक्की विचारा. कडबा भरलेल्या पण छप्पर धड असलेल्या वाड्यापेक्षा, शेजारचा कुलूप लावलेला आणि गळका वाडा जास्त धोक्यात असतो. त्या कुलपाची किल्ली कुणाकडे आहे आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते दार कुणी उघडणार आहे का, ही चौकशी तुम्ही या सुट्टीत करू शकता.