जुन्या मोटारीला थंडावा : हौस की गरज?

एप्रिल लागला, की आमच्या सोनईत दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही. आणि अशाच उन्हात सासूबाईंना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी नगरला न्यावं लागतं. घोडेगाव, पांढरीचा पूल, इमामपूरचा घाट असा रस्ता. काचा उघडल्या तर झळा आणि धूळ. लावल्या तर गाडीची भट्टी. एकदा परतताना त्यांना घेरी आली. भरपूर पाणी पाजावं म्हटलं, तर या दुखण्यात पाणीही मोजूनच! त्याच दिवशी मी ठरवलं, गाडीत ए.सी. हवा.

आमची गाडी २०१२ ची मारुती ८००, ए.सी. नसलेली. हे म्हणाले, “अगं, त्यापेक्षा नवीच घेऊ.” पण लेकीची कॉलेजची फी आणि कांद्याचा पडलेला भाव माझ्या डोळ्यांपुढे होता. म्हटलं, आधी चौकशी तर करू.

मैत्रिणींनो, मोटारीचा ए.सी. म्हणजे आपल्या फ्रिजचाच भाऊ. फ्रिजचा कॉम्प्रेसर विजेवर चालतो, मोटारीचा इंजिनाच्या पट्ट्यावर. आतली उष्णता घेऊन ती पुढच्या जाळीतून बाहेर टाकायची, एवढंच त्याचं काम. अमेरिकेत १९४० च्या पॅकार्ड मोटारीत कारखान्यातूनच ए.सी. मिळू लागला. तो बंद करायचा, तर इंजिन थांबवून पट्टाच उतरवावा लागे! आपल्याला निदान बटण तरी आहे.

पण हे काम फुकट होत नाही. मारुती ८०० चं इंजिन अवघं ७९६ सी.सी.चं. त्यातली थोडी शक्ती कॉम्प्रेसर खातो, पेट्रोलही जास्त लागतं. शिवाय ए.सी.ची जाळी रेडिएटरच्या पुढ्यात बसते, म्हणजे इंजिनाला मिळणारा वारा आधीच तापलेला!

इथेच आम्ही फसलो. स्वस्त पडतंय म्हणून एका गॅरेजमध्ये सामान बसवून घेतलं. त्यांनी जाळीसाठी जादा पंखाच लावला नव्हता. घाटात गाडी तापली आणि सासूबाईंना घेऊन आम्ही भर उन्हात रस्त्याकडेला उभे! वाचवलेले पैसे दुसऱ्या मेकॅनिककडे गेले, वर मनस्ताप वेगळा.

म्हणून काम देण्याआधी एवढं जरूर विचारा :

तुमच्याच मॉडेलची ए.सी.वाली गाडी कंपनीने काढली होती का? मारुती ८०० ची निघत असे. मग त्याच मापाचं सामान चपखल बसतं, कापाकापी करावी लागत नाही.

रेडिएटर साफ आहे ना? जादा पंखा लावणार का? बॅटरी आणि ती चार्ज करणारा अल्टरनेटर हा भार पेलतील का?

गॅस कोणता? जुना आर-१२ ओझोनच्या थराला घातक, म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानंतर हळूहळू बंद झाला. आता अशा गाड्यांत आर-१३४ए भरतात.

खर्च आणि हमी लेखी घ्या. विमा कंपनीलाही कळवा.

आणि सर्वांत आधी गाडीचं वय पाहा. १५ वर्षं झाली, की तपासणी, नोंदणीचं नूतनीकरण, पर्यावरण कर हे सगळं येतं. इंजिनच थकलेलं असेल, तर ए.सी.वर पैसा घालू नका.

वापरायचीही रीत आहे. उन्हात उभी असलेली गाडी सुरू केली, की पहिली दोन-चार मिनिटं काचा उघड्या ठेवा, कोंडलेली गरम हवा जाऊ द्या. घाट चढताना काटा वर सरकू लागला, तर ए.सी. बंद. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून गारव्यात बसू नका, धुरातला विषारी वायू जिवावर बेततो. आणि ए.सी. असला तरी लेकराला गाडीत एकटं सोडून दुकानात शिरू नका.

आमची गाडी काही बर्फासारखी गार होत नाही. घाटात अजूनही पाच-दहा मिनिटं काचा उघडाव्या लागतात. पण परवा पांढरीच्या पुलाशी मागे वळून पाहिलं, तर सासूबाईंना शांत झोप लागली होती. घरी उतरताना म्हणाल्या, “सूनबाई, आज घसा कोरडा पडला नाही गं.”

त्या दिवसापासून हेसुद्धा नव्या गाडीचं नाव काढत नाहीत.