यशवंतपूरची चांदी आणि औटघटकेचे सम्राट

माझी उमेदीची वर्षं बँकेत रोकड मोजण्यात गेली. नाणं हाती आलं की मी आधी वजन अजमावतो, चेहरा मग पाहतो. जुने व्यापारीही असंच करत. बंगळुरूत यशवंतपूर आणि एचएएल इथे ऑगस्टस, टायबेरियस, क्लॉडियस या रोमन सम्राटांची चांदीची नाणी सापडली. देनारियस नावाच्या या नाण्याचं वजन चार ग्रॅमपेक्षा थोडं कमी, चांदी जवळपास शुद्ध. प्लिनी लिहितो, की सिंहलद्वीपाच्या राजाला या नाण्यांचं फार कौतुक वाटलं. चेहरे निरनिराळे, तरी वजन सारखं!

रोमन साम्राज्यात मात्र चेहऱ्यावर सारं अडलेलं. सैन्याने एखाद्या सेनापतीला सम्राट म्हणून पुकारलं, की तो लगेच नाणी पाडायला घेई. शिवाजी महाराजांनी 1674 मध्ये राज्याभिषेकाच्या वेळी स्वतःची नाणी पाडली, तशी ही सत्तेची द्वाही. शिवाय सैनिकांचा पगारही भागवायचा असे.

इ.स. 69 मध्ये असाच सम्राट झालेल्या ओथोने नाण्यावर ‘जगभर शांतता’ असं कोरलं आणि तीन महिन्यांत यादवीत हरून आत्महत्या केली. 248च्या सुमारास डॅन्यूबकाठी बंड केलेल्या पॅकाशियनसने रोमच्या एक हजार एकाव्या वर्षाचा गौरव नाण्यावर केला. त्याला त्याच्याच सैनिकांनी मारलं. 260च्या सुमारास रेगालियानस या बंडखोराने तर जुन्या नाण्यांवरच आपला छाप ठोकला.

मग यशवंतपूरच्या नाण्यांवरचा क्लॉडियस कोण, सम्राट की बंडखोर? इ.स. 41 मध्ये कॅलिग्युलाचा खून झाल्यावर अंगरक्षकांनीच त्याला गादीवर बसवलं. त्याने त्यांना भरघोस बक्षिसी दिली, त्यांच्या छावणीचं चित्र नाण्यावर काढलं. पुढच्याच वर्षी डाल्मेशियात स्क्रिबोनियानसने बंड केलं, ते पाच दिवसांत विझलं. क्लॉडियस तेरा वर्षं टिकला, म्हणून सम्राट, स्क्रिबोनियानस बंडखोर.

इ.स. 64 मध्ये नीरोने देनारियसचं वजन आणि कस दोन्ही घटवले. भारतात सापडलेली बहुतेक रोमन चांदी त्याआधीची आहे. तिसऱ्या शतकातल्या बंडखोरांची हिणकस नाणी इथल्या सराफाने परतच केली असती.

आज संग्राहकांचा हिशेब उलटा आहे. टायबेरियसची खणखणीत चांदी मुबलक, म्हणून तुलनेने स्वस्त. पॅकाशियनसचं हिणकस नाणं दुर्मीळ, म्हणून महाग. माझ्यातल्या रोखपालाला हा भाव पटत नाही. पण हरलेल्या माणसाचा चेहरा बहुधा एवढ्या नाण्यावरच उरलेला असतो, आणि पैसे त्याचेच पडतात.