मुलाला तालमीत घालताना: आधी लंगोट, मग बूट

वार्षिक परीक्षा संपल्या की मिरजेतील अनेक घरांत मुलाला व्यायामाला कुठे घालावे, याची चर्चा सुरू होते. कराटेचा वर्ग लावला तर पांढरा पोशाख आणि कमरेचा पट्टा यांची यादी लगेच हाती पडते. तालमीत अशी यादी कोणी देत नाही. परिणामी, हौसेने कुस्तीकडे वळणारा शहरी पालक स्वतःच यादी तयार करतो. त्या यादीत महागडे बूट, झगझगीत कॉस्च्युम, कानाचे संरक्षक आणि प्रथिनांच्या भुकटीचा डबा असतो. यातील बहुतेक वस्तू पहिल्या काही महिन्यांत लागतच नाहीत. ज्या गोष्टी खरोखर लागतात, त्या मात्र स्वस्त असल्यामुळे दुर्लक्षित राहतात.

वास्तविक या परिसराला कुस्ती शिकवायला नको. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. १९६४ चे हिंदकेसरी मारुती माने मिरज तालुक्यातील कवठेपिरानचे. खुद्द मिरजेत तालमीचे नाव संस्थांनाही चिकटले आहे. अंबाबाई तालीम संस्थेचे नाव आज अनेकांना तिच्या अभियांत्रिकी महाविद्यालयामुळे ठाऊक असते. परंतु आखाड्याशी ज्यांचा दोन पिढ्या संबंध उरलेला नाही, अशा कुटुंबांत आजोबांना जे सहज माहीत होते ते आता विचारून घ्यावे लागते.

सुरुवात लंगोटापासून करावी. लंगोट सुती, जाड विणीचा आणि मुलाच्या मापाचा असावा. मोठा घेऊन दुमडून बांधलेला लंगोट झटापटीत सुटतो किंवा काचतो. तो बांधण्याची पद्धत घरी अंदाजाने न शिकता वस्तादाकडून शिकावी. किमान दोन लंगोट हवेत, म्हणजे एक धुऊन उन्हात वाळेपर्यंत दुसरा वापरता येतो. ओलसर लंगोट पुन्हा बांधणे हे जांघेतील गजकर्णाला दिलेले आमंत्रणच होय. मातीतील कुस्तीत लंगोटाला किंवा त्यावरच्या जाड चड्डीला पकडून डाव टाकता येतो, त्यामुळे शिलाई पक्की असणे महत्त्वाचे. गादीवर मात्र प्रतिस्पर्ध्याचा कॉस्च्युम पकडणे नियमबाह्य ठरते. मातीत वाढलेल्या मुलाचा हात सवयीने कपड्याकडे जातो आणि पंचांची ताकीद पदरी पडते.

मग माती. तालमीतील तांबडी माती चाळलेली असते. तिच्यात ताक, लिंबू, हळद, तेल, कापूर असे पदार्थ मिसळण्याची परंपरा आहे. त्यामुळे माती मऊ राहते आणि अंगाला सुसह्य होते. तथापि, हळद घातलेली माती म्हणजे निर्जंतुक माती, असा समज करून घेऊ नये. रोज खोऱ्याने खणलेली, खडे वेचलेली आणि बेताने ओलावलेली माती ही चांगल्या तालमीची पहिली खूण मानावी. माती दगडासारखी बसली असेल, तर तेथे पडणाऱ्या मुलाच्या खांद्याची आणि मानेची काळजी कोणी घेत नाही, असे समजण्यास हरकत नाही. खरचटलेल्या अंगाने मातीत उतरायचे असल्याने धनुर्वाताच्या लसीची चौकशी आधीच करावी. सरकारी वेळापत्रकानुसार ही लस १० व्या आणि १६ व्या वर्षी दिली जाते. शाळेत ती चुकली असेल तर घेऊन टाकावी.

माती की गादी, हा वाद या भागात नवा नाही. खाशाबा जाधव १९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकला गेले, तेव्हा त्यांना ना गादीची सवय होती ना आंतरराष्ट्रीय नियमांची. तरीही त्यांनी सहावा क्रमांक मिळवला. चार वर्षांनी त्यांनी पदक आणले. आज महाराष्ट्र केसरी स्पर्धेतही माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते अंतिम लढतीत समोरासमोर येतात. जत्रेच्या मैदानात निकाल चितपटीने लागतो, दमाने लढता येते. गादीवर प्रौढांसाठी तीन-तीन मिनिटांचे दोन भाग असतात. पाठीमागे जाऊन ताबा घेतला की दोन गुण, वर्तुळाबाहेर ढकलले की एक, आणि फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपते. पोटावर पडून श्वास घेणारा मातीतला पैलवान येथे गुण गमावून बसतो. म्हणून मुलाने पुढे शालेय स्पर्धा खेळाव्यात अशी इच्छा असेल, तर त्या तालमीत गादी आहे का आणि आठवड्यातून किती दिवस तिच्यावर सराव होतो, हे प्रवेशाच्या वेळीच विचारावे. पाया मात्र मातीत घातला तर बिघडत नाही. पडायचे कसे, हे तेथे चांगले समजते.

बूट गादीवर उतरल्यावर घ्यावेत. मातीत अनवाणीच लढतात. कुस्तीचा बूट घोट्याच्या वर येणारा, पातळ व लवचिक तळव्याचा आणि टाच नसलेला असतो. वाढत्या वयाचे मूल म्हणून एक माप मोठा घेण्याची आपल्याकडील सवय येथे नडते, कारण बुटात पाय फिरला की घोटा मुरगळतो. हे बूट घालून रस्त्यावरून चालत येऊ नये; रस्त्याची घाण गादीवर आणि तेथून सगळ्यांच्या तोंडाला लागते. कॉस्च्युम पहिल्या स्पर्धेपर्यंत थांबू शकतो. घ्यायचा तेव्हा लाल आणि निळा असे दोन्ही घ्यावे लागतात, कारण कोणता रंग वाट्याला येईल ते सोडतीवर ठरते.

कानाविषयी थोडे सविस्तर लिहायला हवे. मोडलेला कान ही पैलवानकीची निशाणी मानली जाते आणि काही मुले तो मोडावा म्हणून वाटही पाहतात. प्रत्यक्षात घडते ते असे: सततच्या घर्षणाने कानाची कुर्चा आणि तिच्यावरचे आवरण यांच्यामध्ये रक्त साठते. कुर्चेला पोषण या आवरणातूनच मिळत असल्याने ते तुटले की कुर्चा मरू लागते आणि तिच्या जागी कडक, वेडीवाकडी गाठ तयार होते. सूज मऊ असतानाच, म्हणजे एक-दोन दिवसांत, कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून ते रक्त काढून दाबपट्टी बांधून घेतली तर कान वाचतो. रुग्णालयांचे शहर म्हणून दूरदूरवर ओळखल्या जाणाऱ्या मिरजेत तरी या उपचारासाठी लांब जावे लागू नये. घरी सुईने टोचून रक्त काढण्याचा प्रकार मात्र धोकादायक आहे. जंतुसंसर्ग झाला तर उरलेली कुर्चाही जाते. कानाचे संरक्षक सरावात वापरण्यास हरकत नाही, पण ते मुलाच्या डोक्यावर घट्ट बसायला हवेत.

त्वचेच्या रोगांना पैलवान जितके बळी पडतात, तितके फार थोडे खेळाडू पडत असतील. गजकर्ण, गळवे, ओठावर किंवा मानेवर येणारे नागिणीसारखे फोड हे सगळे अंगाला अंग घासून पसरते. सराव संपताच साबणाने अंघोळ, स्वतःचा वेगळा टॉवेल, कापलेली नखे आणि रोज धुतलेले कपडे हा यावरचा मुख्य उपाय. गादी दररोज जंतुनाशकाने पुसून वाळवली पाहिजे. अंगावर चट्टा दिसला तर मुलाने काही दिवस जोड धरू नये. जोर-बैठका, दोरी हे सुरू ठेवता येते. वस्ताद अशा मुलाला बाजूला बसवतात की ‘काही होत नाही’ म्हणून उतरवतात, यावरून तालमीची पारख होते.

खुराकाबाबत डबा विकत घेण्यापूर्वी दूध, डाळी, अंडी, शेंगदाणे यांचा हिशेब करावा. शाळकरी मुलाची गरज बहुधा त्यातच भागते. उलट टोकाचा धोका वजन उतरवण्याचा आहे. खालच्या गटात खेळावे म्हणून पाणी तोडणे, उन्हात जाड कपडे घालून पळणे असे प्रकार होतात. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन मल्ल अशाच पद्धतीने वजन उतरवताना मरण पावले आणि त्यानंतर तेथील नियम बदलले. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगट १०० ग्रॅम जादा वजनामुळे अपात्र ठरली, तेव्हा आदल्या रात्रभराच्या धडपडीची कहाणी घरोघरी पोहोचली. वाढत्या वयाच्या मुलाने आपल्या नैसर्गिक वजनाच्या गटात खेळावे. एखादे पदक गेले तरी चालेल.

मुलींसाठीही आता आखाड्याची दारे उघडली आहेत. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीतच झाली आणि सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने ती जिंकली. मुलीला पाठवताना कपडे बदलण्याची स्वतंत्र, आतून कडी लागणारी जागा आहे का, सराव घेताना आणखी कोणी जबाबदार व्यक्ती उपस्थित असते का, हे पाहावे. कॉस्च्युमच्या आत घट्ट बसणारी क्रीडा-अंतर्वस्त्रे हवीत आणि केस बांधायला धातूच्या क्लिपा नकोत. मुलगा असो वा मुलगी, तालीम निवासी असेल तर पालकांनी अधूनमधून न कळवता जाऊन यावे. चांगल्या वस्तादाला त्याचा राग येत नाही.

यात्रांचा हंगाम आला की नवशिक्या मुलालाही मैदानात उतरण्याची घाई होते. हलगी वाजू लागली की थोरांचाही धीर सुटतो, मग मुलांचे काय? गादीवरच्या स्पर्धेत वजनकाटा असतो. गावच्या मैदानात मात्र जोड बहुधा नजरेने लावली जाते आणि एकाच उंचीच्या दोन मुलांत सात-आठ किलोंचा फरक सहज निघतो. पहिले वर्षभर तरी वस्ताद स्वतः हजर असल्याशिवाय मुलाला मैदानात सोडू नये, आणि समोरचा मुलगा जड दिसला तर जोड नाकारण्याचा अधिकार वस्तादाकडेच ठेवावा.