शस्त्रक्रियेनंतरचा व्यायाम : घाई नको, आळसही नको

चाळिशी ओलांडली की हर्निया, पित्ताशयातील खडे, गर्भाशयाचे विकार अशा कारणांनी घराघरांत कुणा ना कुणावर शस्त्रक्रिया करण्याची वेळ येते. शस्त्रक्रिया कशी करावी हे डॉक्टरांचे काम. बँकेत आकडेमोड करणाऱ्या आमच्यासारख्याने त्यात बोलू नये. परंतु टाके निघाल्यानंतरचे सहा महिने रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हाती असतात, आणि त्या काळाविषयी आपल्याकडे फार थोडे बोलले जाते. आम्ही स्वतः सेहेचाळिसाव्या वर्षी हर्नियाची शस्त्रक्रिया करून घेतली. त्या निमित्ताने जे विचारले, वाचले आणि पाहिले ते समाजबांधवांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवीत आहोत.

शस्त्रक्रियेनंतर माणसे दोन टोकांना जातात. काहीजण "आता हलायचे नाही" म्हणून महिना-महिना खाटेवर पडून राहतात आणि घरचेही प्रेमापोटी त्यांना उठू देत नाहीत. दुसरे लोक आठव्या दिवशी पाण्याचा हंडा किंवा सिमेंटची गोणी उचलतात. यातील पुष्कळांना ही हौस नसते, रोजंदारी बुडते म्हणून तसे करावे लागते. दोन्ही गोष्टींचे नुकसान कसे होते ते समजून घेतले पाहिजे.

जखम भरते म्हणजे काय?

वरची कातडी आठ-दहा दिवसांत जुळते, म्हणून जखम बरी झाली असे वाटते. आतले काम मात्र तेव्हा नुकतेच सुरू झालेले असते. प्रथम सूज येऊन जखमेची साफसफाई होते. नंतर शरीर कोलॅजन नावाचे तंतू घाईघाईने विणते. पुढे अनेक महिने हे कच्चे तंतू काढून त्या जागी पक्के तंतू बसविण्याचे काम चालते. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस जखमेची ताकद मूळ कातडीच्या फार तर दहाव्या हिश्श्याइतकी असते. तीन महिन्यांनी ती ७० ते ८० टक्क्यांपर्यंत पोहोचते. मधुमेह, तंबाखू, बिडी-सिगारेट आणि अपुरा आहार यांमुळे हे काम लांबते.

हर्नियात हल्ली बहुधा कृत्रिम जाळी बसवितात. ताण न देता जाळी लावण्याची ही पद्धत अमेरिकेतील लिख्टेनस्टाइन यांनी १९८० च्या दशकात रूढ केली. जाळीमुळे आधार पहिल्या दिवसापासून मिळतो. म्हणून आता दुखणे सोसेल त्या बेताने नेहमीची हालचाल लवकर सुरू करण्यास सांगतात. याउलट पोटावर मोठा उभा छेद घेतला असेल तर साधारणपणे सहा आठवडे जड वजन उचलू देत नाहीत. यावरून एक गोष्ट लक्षात घ्यावी. शेजाऱ्याच्या शस्त्रक्रियेचा नियम आपल्याला लावू नये. कोणते काम केव्हा करावे हे आपल्या डॉक्टरांना घरी जाण्यापूर्वीच स्पष्ट विचारून घ्यावे.

पडून राहण्याची किंमत

१९६६ साली अमेरिकेतील डॅलस येथे पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात झोपवून ठेवले गेले. तेवढ्या अवधीत त्यांची दमश्वासाची क्षमता चौथ्या हिश्श्याहून अधिक घटली. १९९६ साली त्याच पाच जणांना पुन्हा तपासले, तेव्हा ते पन्नाशीत होते. तीस वर्षांच्या वयोमानाने जेवढी क्षमता गेली, त्याहून जास्त ती तरुणपणीच्या तीन आठवड्यांच्या झोपून राहण्याने गेली होती! मग त्यांना सहा महिने चालणे, धावणे, सायकल असा व्यायाम दिला. सुरुवात अगदी थोडी करून तो हळूहळू वाढवीत नेला. वयामुळे घटलेली क्षमता पुन्हा भरून आली.

पाच माणसांचा प्रयोग लहान खरा, पण त्यातून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. गेलेली ताकद पन्नाशीतही परत येते, आणि ती परत यायला दिवस नव्हे, महिने लागतात. शिवाय पडून राहण्याने पायांतील रक्त साकळून गाठ होण्याचा धोका वाढतो, तो वेगळाच.

चढत्या पायऱ्या

डॉक्टरांची परवानगी गृहीत धरून पुढील क्रम उपयोगी पडतो. पहिल्या आठवड्यात घरातल्या घरात पाच-पाच मिनिटे, दिवसातून तीन-चार वेळा चालावे. उठताना आधी कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठावे. खोकताना पोटावर उशी दाबून धरावी. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात सपाट रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालावे. सहाव्या आठवड्यापर्यंत अर्ध्या तासावर यावे. चालताना बोलता यावे, इतपतच वेग असावा.

त्यानंतर खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला टेकून दंड काढणे असे प्रकार घ्यावेत. पोटावर ताण देणारी आसने, जोर-बैठका आणि वजन उचलणे सर्वांत शेवटी, विचारूनच. वजन उचलताना गुडघे वाकवावे व श्वास रोखून धरू नये. एका वेळी एकच गोष्ट वाढवावी, अंतर किंवा वेग किंवा वजन. दुसऱ्या दिवशी सकाळी दुखणे वाढलेले आढळल्यास एक पायरी मागे यावे. त्यात कमीपणा नाही. आवर्ती ठेवीचा हप्ता छोटा असला तरी चालतो, तो दरमहा भरला गेला पाहिजे. व्यायामाचेही तसेच आहे. प्रौढांनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम करावा असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिथपर्यंत सहा महिन्यांत पोहोचलो तरी पुष्कळ झाले.

आहारात डाळी, उसळी, अंडी, मासळी, दूध यांपैकी जे परवडेल ते रोज असावे. पथ्याच्या नावाखाली नुसती पेज देऊन जखम भरत नाही. बद्धकोष्ठाने पोटावर जोर पडतो, म्हणून पालेभाज्या आणि पाणी भरपूर घ्यावे.

ताप, जखमेतून पू येणे, वाढती सूज किंवा नवा फुगवटा दिसल्यास व्यायाम थांबवून डॉक्टरांकडे जावे. एका पोटरीला सूज व दुखणे, छातीत दुखणे किंवा अचानक धाप लागणे यांत तर एक तासही दवडू नये.

घरच्यांचे कर्तव्य

हमाली, गवंडीकाम करणाऱ्या बांधवांपुढे खरा प्रश्न पोटाचा असतो. त्यांना "सबुरी ठेवा" म्हणणे सोपे, पण चूल पेटायला हवी. अशांनी डॉक्टरांकडून हलक्या कामाचे लेखी प्रमाणपत्र घ्यावे. मुकादमाशी किंवा मालकाशी बोलायला एखाद्या शिकलेल्या मुलाला सोबत न्यावे. विद्यार्थ्यांनी वडिलांची गोणी, आईचा हंडा काही आठवडे आपल्या हाती घ्यावा आणि संध्याकाळी त्यांच्यासोबत अर्धा तास चालावे. आमच्या घरी मुलांनी ते केले, म्हणूनच आमचा नेम टिकला. कर्ता माणूस सहा आठवडे जपला तर पुढची वीस वर्षे तो घराला आधार देतो. हा हिशेब प्रत्येक घराने मांडून पाहावा, एवढीच विनंती.