तुंगारेश्वरची आग, पेनगंगेचा बर्फ

आयसलँडला जाऊन आलेला माणूस वसईत आता दुर्मीळ राहिलेला नाही. पापडीत एखाद्या लग्नाच्या मांडवात असा कुणीतरी भेटतोच. जेवणाची पंगत बसेपर्यंत तो मोबाइल पुढे करतो. कमरेएवढ्या चाकांची जीप, राखाडी पाण्याची नदी, पलीकडे काळा डोंगर, डोंगरावरून उतरलेली बर्फाची जीभ. ‘आयुष्यात एकदा तरी जाऊन ये,’ असा सल्लाही मिळतो. मी विचारतो, ‘तिथला दगड कोणता होता?’ तो म्हणतो, ‘काळा.’ मी विचारतो, ‘आणि तुंगारेश्वरचा?’ मग तो माझ्याकडे जरा संशयाने बघतो आणि व्हिडिओ दुसऱ्या कुणाला तरी दाखवायला जातो.

त्या जीपमध्ये मीही बसून आलो आहे, त्यामुळे तिची निंदा करणार नाही. उलट तिच्यामुळेच मला माझ्या घरामागचा डोंगर नीट बघता येऊ लागला. पण एक गोष्ट तिथे पक्की कळली. पैसे जीपचे वाटतात, खरे ते द्यायचे असतात गाइडचे. आपल्याकडे जमीन तीच आहे, जीपही आहे. नाही तो गाइड.

आधी त्या जीपबद्दल. रेक्याविकहून सकाळी निघालं की दक्षिण किनाऱ्याने दोनेक तासांत डांबरी रस्ता सुटतो आणि थॉर्समॉर्कच्या खोऱ्यात शिरणारा कच्चा रस्ता लागतो. अशा डोंगरी रस्त्यांच्या नंबराआधी तिथे ‘एफ’ हे अक्षर असतं, आणि तिथे फोर-व्हील ड्राइव्हशिवाय जायला परवानगी नसते. टायर अडतीस ते चव्वेचाळीस इंचांचे. बर्फावर चढायच्या आधी गाइड त्यांतली बहुतेक हवा सोडून देतो, म्हणजे टायर पसरतो, वजन वाटलं जातं आणि गाडी रुतत नाही. पण मला वेड लावलं ते नदीने. या नद्या हिमनदीच्या वितळण्याने वाहतात, म्हणून सकाळी उतार असतो आणि ऊन चढलं की दुपारी तोच उतार धोक्याचा होतो. आमचा गाइड काठावर उतरून निवांत पाणी बघत उभा राहिला. जिथे पाणी खळाळतं, लाटा फुटतात, तिथे खाली धोंडे आहेत आणि पाणी उथळ आहे. जिथे ते गुळगुळीत, शांत दिसतं तिथे खोल. सगळे प्रवासी शांत पाण्याकडे बोट दाखवत होते. त्याने गाडी खळाळात घातली.

वाटेत एयाफ्यात्लायोकुत्ल लागतो. एप्रिल २०१० मध्ये ज्याच्या राखेने युरोपचं आकाश काही दिवस बंद पाडलं आणि मुंबईच्या विमानतळावर माणसं पथारी टाकून बसली, तोच हा. त्याच्या कुशीतून गीगयोकुत्ल नावाची हिमनदी उतरते. तिच्या पायथ्याशी एक तळं होतं. त्या उद्रेकात बर्फ वितळून असा लोंढा आला की तळं गाळाने भरून गेलं. आज तिथे नुसतं दगडगोट्यांचं मैदान आहे. गाइडने तिथे गाडी थांबवून, इंजिन बंद करून, ही हकीगत सांगितली. त्याने ती सांगितली नसती तर आम्ही ते मैदान मैदान म्हणूनच पाहिलं असतं.

आणखी एक. ज्या देशात या सफरींचा एवढा मोठा धंदा आहे, तिथे आखलेला रस्ता सोडून गाडी घालणं हा गुन्हा आहे. लाव्ह्यावरचं शेवाळ एकदा चाकाखाली चिरडलं की भरून यायला कित्येक दशकं लागतात. हा मुद्दा पुढे लागणार आहे.

दख्खनचा इतिहास, घाईघाईत

हे सगळ्यांनी शाळेत वाचलेलं आहे, म्हणून झटपट. साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भारताचा भूखंड आज हिंदी महासागरात जिथे रियुनियन बेट आहे त्या भागातल्या तप्त स्रोतावरून उत्तरेकडे सरकत होता. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून लाव्हा वाहिला आणि थरावर थर साचले. आज उरलेला दख्खनचा कातळ सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर पसरला आहे. आयसलँडमध्ये १७८३ साली लाकीच्या भेगेतून आठ महिने लाव्हा वाहिला; माणसाने नोंदवून ठेवलेल्या सर्वांत मोठ्या लाव्हा-उद्रेकांपैकी तो एक. तिथल्या विषारी धुक्याने गुरं मेली, दुष्काळ पडला, देशातला पाचवा हिस्सा लोक दगावले. आपल्या सह्याद्रीतला एकेक मोठा थर लाकीपेक्षा कितीतरी पटींनी मोठा आहे. झालं. आता जीपमध्ये बसू.

पापडी ते अकलोली

पापडीहून उजाडता निघायचं, वसई स्टेशनाचा पूल ओलांडून पूर्वेला सातिवलीला यायचं. तिथून तुंगारेश्वरचा कच्चा रस्ता. हे २००३ साली जाहीर झालेलं अभयारण्य, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं. वनखात्याच्या नाक्यावर पावती फाडायची आणि देवळापर्यंतच्या वाटेवरच राहायचं. वाट ओढा ओलांडत जाते. पावसाळ्यानंतरच्या महिन्यांत पाणी घोट्याएवढं असतं आणि ओढ्याचा तळ धुऊन लख्ख झालेला असतो. दगड वाचायला याहून बरं पान नाही.

माझ्याबरोबर बहुतेक वेळा एक निवृत्त प्राध्यापक असतात. आयुष्यभर भूशास्त्र शिकवलं. त्यांना मी सर म्हणतो आणि आमचा पारोळचा ड्रायव्हरही आता सरच म्हणतो. पहिल्यांदा आला तेव्हा तो गाडीतच बसून राहिला होता. आता आमच्या आधी ओढ्यात उतरतो आणि ओरडतो, ‘सर, हितं या, हितं लाल पट्टा गावला!’

लाल पट्टा म्हणजे दोन काळ्या थरांच्या मधली विटेच्या रंगाची मातकट रेघ. पहिला लाव्हा थंड झाला, त्यावर ऊन-पाऊस पडून माती झाली, कदाचित गवत-झाडंही उगवली; मग वरून दुसरा लाव्हा आला आणि ती माती भाजून निघाली. दोन उद्रेकांमध्ये किती उसंत होती त्याची ही खूण. घाटरस्त्यांवर, महामार्ग रुंद करताना तासलेल्या डोंगरांत ती जागोजागी दिसते आणि आपण ताशी ऐंशीच्या वेगाने तिच्यासमोरून जातो.

पण माझा जीव अडकलाय तो भित्तीत. भूशास्त्राच्या पुस्तकांत ‘भित्ती’ म्हणतात, सर ‘डाइक’ म्हणतात. लाव्हा जिथून वर आला ती भेग, आणि त्या भेगेत थिजलेला शेवटचा रस. आपल्या कोकणपट्टीत अशा भित्ती शेकड्याने आहेत आणि त्यांतल्या पुष्कळशा उत्तर-दक्षिण धावतात, म्हणजे किनाऱ्याला समांतर. कारण सरळ आहे. ६ कोटी ३० लाख वर्षांच्या सुमाराला इथली जमीन पूर्व-पश्चिम ताणली गेली आणि सेशेल्स बेटांचा तुकडा भारतापासून तुटून निघाला. कापड ज्या दिशेला ओढाल त्याला आडवं फाटतं, तसं झालं. म्हणजे पापडीतल्या माणसाने पश्चिमेकडे तोंड करून उभं राहावं, त्याच्यासमोर जो समुद्र आहे तो त्या फाटण्यातूनच जन्मला.

तानसेच्या खोऱ्यातल्या एका ओढ्यात सरांनी मला पहिली भित्ती दाखवली. पाच-सहा फूट रुंद, ओढ्याला आडवी, दोन्ही बाजूंचा दगड झिजून गेल्यामुळे जरा वर आलेली. ‘मध्ये हात लाव,’ सर म्हणाले. मधला दगड खरबरीत होता, डोळ्यांना कण दिसत होते, उन्हात काही चमकत होते. ‘आता कडेला.’ कडेचा दोन बोटांचा पट्टा गुळगुळीत, काळाकुट्ट, कण औषधालाही नाही. तापलेला रस थंड कातळाला टेकला आणि कडेला तिथल्या तिथे थिजला; स्फटिक वाढायला वेळच मिळाला नाही. आतला रस उबेत राहिला, सावकाश निवला, म्हणून त्याचे कण मोठे. तळहाताच्या अंतरात तापमानाची सगळी गोष्ट.

दुसरी गंमत भेगांची. लाव्हा निवताना आकसतो आणि त्याला भेगा पडतात, त्या नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात. आडव्या पसरलेल्या थरात त्यामुळे उभे स्तंभ तयार होतात. आपल्या अंधेरीतली गिल्बर्ट टेकडी तशीच: इमारतींच्या गर्दीत उभे राहिलेले जवळजवळ दोनशे फुटांचे स्तंभ, १९५२ साली राष्ट्रीय स्मारक ठरलेले, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. पण भित्ती स्वतःच उभी असते. ती दोन्ही बाजूंनी निवते, म्हणून तिच्यातले स्तंभ आडवे. ही एक गोष्ट डोक्यात बसली की कोकणातल्या कुठल्याही ओढ्यात भित्ती ओळखता येते. माझी बायको म्हणते, हल्ली हा माणूस देवळात गेला तरी आधी पायऱ्या बघतो. खोटं नाही.

मग महामार्गाला परत येऊन शिरसाड फाट्यावरून पारोळमार्गे वज्रेश्वरी. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेत देवीला नवस केला आणि १७३९ साली किल्ला सर झाल्यावर हे देऊळ उभं राहिलं, हे वसईकराला सांगायला नको. मला मात्र त्या किल्ल्याचा दगड आठवतो. पोर्तुगीजांना वसईचा दगड फार प्रिय होता. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू बॅसिलिकेच्या दर्शनी भागातलं कोरीव काम ज्या काळ्या दगडात आहे तो वसईकडून गलबतांनी नेलेला. जांभ्यावर नाजूक नक्षी उतरत नाही, काळ्या पाषाणावर उतरते. म्हणजे १५९४ ते १६०५ या काळात आमचा लाव्हा बोटीत बसून गोव्याला गेला आणि अजून परत आलेला नाही!

देवळाखाली तानसेच्या काठी अकलोलीची गरम कुंडं आहेत, पुढे गणेशपुरीची. ‘ज्वालामुखी अजून जागा आहे म्हणून पाणी गरम,’ असं तिथे हमखास ऐकायला मिळतं. तसं नाही. इथला ज्वालामुखी कधीच थंडावला. जमिनीत खोल जावं तसं दर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस अंशांनी तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगेने वर येतं. अकलोलीपासून दक्षिणेला रायगड, रत्नागिरी, राजापूरपर्यंत गरम झऱ्यांची रांग आहे, तीही किनाऱ्याला समांतरच. नकाशावर ती रेघ ओढून बघा. जमीन जिथे फाटली त्याच अंगाने पाणी अजून वर येतंय.

आणि बर्फ?

इथे आयसलँडवाला मित्र मला अडवतो. ‘आग ठीक आहे, बर्फ कुठून आणशील?’

पहिलं उत्तर पापडीतच आहे. वीस हजार वर्षांपूर्वी जगातलं एवढं पाणी हिमनद्यांत अडकून पडलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती. तेव्हा पापडीहून समुद्र बघायला पश्चिमेला कित्येक मैल चालावं लागलं असतं. बर्फ वितळला, समुद्र चढत आला, आणि सहा-सात हजार वर्षांपूर्वी साधारण आजच्या जागी टेकला. त्यानंतरच्या वाळूवर आणि गाळावर आपल्या वाड्या उभ्या आहेत. केळीला जी भुसभुशीत जमीन मानवते ती कुठल्यातरी दूरच्या हिमनदीची देणगी. १८७८ च्या सुमाराला मुंबईत प्रिन्सेस डॉक खोदताना ओहोटीच्या पातळीच्याही खाली मुळांसकट उभी झाडं सापडली होती. समुद्र चढला की जमीन खचली, यावर तेव्हापासून वाद आहे. मला वाद आवडतो, झाडं त्याहून आवडतात.

दुसरं उत्तर लांबचं आहे, आणि खरं उत्तर तेच. चंद्रपूर जिल्ह्यात पेनगंगेच्या पात्रात इरई गावाजवळ खरोखरीच्या हिमनदीने खरवडलेला खडक आहे. १८७२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे थॉमस ओल्डहॅम आणि फेडन तिथे पोचले. त्याआधी १८५६ मध्ये ओरिसात तालचेरला मातीत रुतलेले प्रचंड धोंडे पाहून हे बर्फाचं काम असावं असा तर्क कुणी कुणी मांडला होता, पण उष्ण हिंदुस्थानात बर्फ म्हणजे लोकांना थट्टाच वाटायची. इरईला पुरावा मिळाला. धोंड्यांच्या थराखाली अतिप्राचीन चुनखडी, तिचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत केलेला आणि त्यावर एकाच दिशेने गेलेले समांतर ओरखडे. हिमनदी सरकताना तिच्या तळात गोठलेले दगड खालच्या खडकावर घासत नेते, त्याच्या या रेघा. वय सुमारे ३० कोटी वर्षं. तेव्हा भारत दक्षिण ध्रुवाकडच्या गोंडवन भूखंडाचा भाग होता.

पाणी उतरलेलं असताना त्या खडकावर गुडघे टेकून मी एका ओरखड्यात करंगळी ठेवली. ती बसली. थॉर्समॉर्कला मी असेच ओरखडे पाहिले होते, फक्त तिथला बर्फ समोर होता आणि इथला नव्हता. पुढे तो बर्फ वितळला, त्या थरांवर दलदली आणि जंगलं आली, त्यांचा दगडी कोळसा झाला, आणि चंद्रपूरच्या वीज केंद्रात तोच जळतो. पापडीत मी पंखा लावतो तेव्हा त्या हिमनदीनंतरच्या जंगलाचा थोडा हिस्सा वापरत असेन.

जीप कशाला?

आता तो राहिलेला मुद्दा. आपल्याकडे ऑफ-रोडिंगची हौस वाढली आहे. सुटीच्या दिवशी मोठमोठ्या गाड्या ओढ्यात घालून चिखल उडवायचा, सड्यावरच्या फुलांवरून चक्कर मारायची, व्हिडिओ टाकायचा. एका अशा टोळक्याने आमच्या त्याच भित्तीवर चाकं चढवलेली मी बघितली आहेत. बिचाऱ्यांना ती भित्ती आहे हेच माहीत नव्हतं, आणि रागावायला मला तरी काय, मलाही सर भेटेपर्यंत माहीत नव्हतं. म्हणून मला बंदीपेक्षा गाइड महत्त्वाचा वाटतो. पारोळचा, उसगावचा, इरईचा एखादा तरुण दोन-चार महिने शिकला, तर पंचवीस जागा बोटाने दाखवून, प्रवाशाला गाडीतून उतरवून दगडाला हात लावायला लावील. गाडीचं काम त्या जागेपर्यंत नेण्याचं. पुढे चाकं थांबवायची.

तोवर आपण आपलं जावं. दिवाळी उलटली की ओढे उतरतात, गवत पिवळं पडायला लागतं आणि फेब्रुवारीपर्यंत कातळ मोकळा दिसतो. इरईला जायचं तर उन्हाळ्याच्या तोंडाला, पात्र कोरडं असताना. तुंगारेश्वरला नाक्यावर वेळ आणि परवानगी विचारून घ्या, हातोडी घरी ठेवा, कारण अभयारण्यातला दगड फोडायचा किंवा उचलायचा नसतो. दहा रुपयांचं भिंग मात्र खिशात असू द्या. आणि आयसलँडचं तिकीट आधीच काढलं असेल, तर त्याआधीचा एक रविवार तुंगारेश्वरला घालवा. आयसलँडचा गाइड तुम्हाला लाल पट्टा दाखवायला लागेल तेव्हा तुम्ही त्याला म्हणू शकाल, ‘पुढचं बोला, हे आमच्याकडे आहे.’