मिलिंद महाविद्यालय

१९४१ साली आपल्याच कसबे तडवळ्यास महार-मांग वतनदार परिषदेसाठी बाबासाहेब आले, तेव्हा हा मुलूख निजामी अमलाखाली होता. विद्यापीठ दूर हैदराबादेस, तेथील माध्यम उर्दू; गावकुसाबाहेरच्या मुलाने पदवीचे नाव तरी कसे घ्यावे? १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. पुढे त्यास ‘मिलिंद’ हे नाव मिळाले. मिलिंद म्हणजे भिक्षू नागसेनास प्रश्नांनी भंडावणारा यवन राजा मिनँडर. परिसर मात्र नागसेनवन! उत्तर देणाऱ्याचे नाव भूमीस आणि विचारणाऱ्याचे विद्यालयास, ही योजना आम्हांस मोठी मार्मिक वाटते. प्रवेश सर्व जातींस खुला होता. वसतिगृहेही तेथेच उभारली. अस्पृश्य म्हणविल्या गेलेल्या मुलास त्या काळी शहरात खोली कोण देणार होते?